दादाचं अर्थिंग

हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण दादाला विचारल्याशिवाय लिहायचं नव्हतं. मागच्या रविवारी फोनवर विचारलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "लिहून टाक. पण नाव नको टाकू. अन् मले बिचारा करू नको." दोन्ही अटी मान्य करून लिहितेय.

निमित्त आहे ताईच्या मुलीच्या लग्नाचं. वैशाखात आहे, वाशिमला. आमंत्रणाचे फोन सुरू झाले आणि जवळजवळ प्रत्येक फोनच्या शेवटी, आवाज एक पट्टी खाली आणून, तोच प्रश्न आला. "मग त्याचं काय करणार? आणणार का त्याला?" एका मामींनी तर तोडगाही सुचवला, दोन दिवस कुठे सोय करता आली तर बरं म्हणून. मामी हे वाचतील, त्यांना राग येऊ नये. मलाही त्यांचा राग आला नाही, कारण पंधरा वर्षांपूर्वी मी स्वतः हेच सुचवलं असतं. तर त्या सगळ्या फोनांचं हे एकच उत्तर. दादा लग्नाला येणार आहे. आणि तो आला म्हणजे आपण काय करायचं, त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय नाही करायचं, ते सांगायला हा सगळा खटाटोप.

इथे येणाऱ्या ज्या मित्रमंडळींना आमचं घर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दादाला स्किझोफ्रेनिया आहे. २००७ च्या सोयाबीनच्या हंगामात सुरू झाला, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. मराठीत छिन्नमनस्कता असा शब्द आहे, तो मला कधीच आवडला नाही. ऐकणाऱ्याला वाटतं माणसाचे दोन तुकडे झालेत, एका अंगात दोन माणसं राहतात. दादात एकच माणूस आहे. तो कधीकधी फार घाबरलेला असतो, इतकंच. फार दुर्मीळ आजार आहे असंही नाही. निम्हान्सने २०१५-१६ साली जे राष्ट्रीय सर्वेक्षण केलं (१२ राज्यांत, त्यात आपला महाराष्ट्र नव्हता), त्यात या प्रकारचे आजार आयुष्यात कधी ना कधी झालेल्यांचं प्रमाण १.४ टक्के निघालं. म्हणजे दोन हजार वस्तीच्या गावात मुलंबाळं वगळली तरी पंधरा-वीस माणसं. आमच्या गावात मला दादा सोडून एकही माहीत नाही. बाकीचे कुठे गेले हा प्रश्न मी स्वतःला अधूनमधून विचारते.

दादाच्या आजारातला मुख्य धागा संशयाचा. कोणीतरी पाळत ठेवतंय, कोणीतरी विहिरीत काही टाकतंय, जेवणात काही घालतंय. गाव रिसोड तालुक्यातलं, वावर रस्त्याला लागून. एक फटफटीवाला रोज दोनदा त्या रस्त्याने जायचा. तो आपल्यासाठीच ठेवलेला माणूस आहे ही दादाची खात्री.

आता संशयाबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. तो अगदीच हवेतून येत नाही. गावात धुऱ्यावरून होणारी भांडणं खरी असतात. आमच्याही धुऱ्यावरून भावकीत बोलाचाली झालेली आहे, मोजणी मागवून झालेली आहे (ती मंडळी वाचत असतील तर, झालं गेलं गंगेला मिळालं). त्यामुळे "आपल्या वावरावर डोळा आहे" या वाक्यात चार आणे तथ्य असायचं. त्या चार आण्यांवर आजार पुढचा रुपया चढवायचा. आणि गाव खरंच बघत असतं की! पारावर बसलेली माणसं येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघतात, त्यांचा तो धंदाच आहे. दादा गेला की बोलतातही, "याच्या डोक्यावर परिणाम झाला" म्हणून. म्हणजे लोक माझ्याकडे बघतात, माझ्याबद्दल बोलतात, मी आलो की गप्प होतात, ही दादाची तक्रार अक्षरशः खरी होती. कशासाठी, एवढंच त्याचं चुकत होतं. अशा माणसाला "छे छे, तुझ्या मनाचे खेळ आहेत" असं सांगणं म्हणजे त्याच्या खऱ्या अनुभवालाही खोटं पाडणं.

मी तेच केलं. मी घरातली शिकलेली, पुण्यात नोकरी करणारी. सुट्टीवर आले की वादविवाद सुरू. एकदा तर कहर केला. फटफटीवाला दूध गोळा करणारा होता, मी त्याला गाठलं, सगळं समजावून सांगितलं आणि दादाला धरून त्याच्यापुढे नेलं. "विचार याला." तो बिचारा माणूस म्हणाला, "भाऊ, मी तुमच्यावर कायले ध्यान ठेवू?" मला वाटलं जिंकलो. घरी आल्यावर दादा मला शांतपणे म्हणाला, "मी तर त्याले काहीच बोललो नोतो. मले ध्यान ठेवल्यासारखं वाट्टे हे त्याले कोणं सांगतलं?"

मीच सांगितलं होतं. त्या दिवसापासून त्याच्या यादीत फटफटीवाल्याबरोबर मीही आले.

याहून वाईट गोष्ट आम्ही केली, आणि ती लिहायची की नाही यावर मी बराच विचार केला. दादा गोळ्या घ्यायला तयार नव्हता. मालेगाव-पातूरच्या रस्त्याने एसटीने अकोल्याला नेऊन आणलेल्या त्या गोळ्या, आणि तो त्या थुंकून टाकायचा. मग कोणीतरी सल्ला दिला, आणि आम्ही गोळी कुटून वरणात घालायला लागलो. हे आपल्याकडे किती घरांत चालतं ते विचारू नका. महिनाभर चाललं, फरकही पडला. मग एक दिवस ताटात तळाशी पांढरी भुकटी राहिली. दादाने बोटाने उचलून आईला विचारलं, "माह्या वरणात काय टाकलं?" आई म्हणाली, "काही नाही रे बाप्पा." "मंग हे काय हाय?"

जेवणात काहीतरी घालतात असं तो तीन वर्षं सांगत होता. आम्ही तीन वर्षं त्याला भ्रम म्हणत होतो. आणि मग आम्ही तो भ्रम आमच्या हाताने खरा करून दाखवला. त्यानंतर आठ महिने तो घरचं जेवला नाही. केळी खायचा, कारण केळ्याला साल असतं.

हे सगळं आधी सांगितलं, कारण आजकाल सगळीकडे ज्याची चर्चा असते ते ग्राउंडिंग, त्याविषयी माझं जे मत आहे ते यातून आलेलं आहे. भीती चढली की मनाला डोक्यातल्या गोष्टीवरून सोडवून हातापायांवर, आत्ता-इथे-समोर जे आहे त्यावर आणायचं, अशी ही युक्ती. चांगली आहे. पण पाय टेकवायचे तर खाली जमीन पाहिजे. ज्या घरात वरणावर भरवसा नाही, तिथे कसलं ग्राउंडिंग करणार? आधी आम्हाला खोटं बोलणं बंद करावं लागलं. आईने दादाची माफी मागितली. आमच्याकडे आया मुलांची माफी मागत नाहीत, त्यामुळे घरात त्या दिवशी सुतक असल्यासारखं वाटत होतं. पण त्यानंतर दोन नियम झाले. स्वयंपाक झाला की दादाने कोणत्याही भांड्यातून स्वतः वाढून घ्यायचं, आणि गोळीची डबी त्याच्याकडे. काही दिवस त्याने घेतल्या नाहीत. मग एकदा दोन रात्री झोप नाही असं झालं तेव्हा त्याने आपणहून घेतली. पुढे डॉक्टरांशी बोलून मात्रा कमी-जास्त करून घेतली, कारण त्या गोळ्यांनी वजन फार वाढत होतं, आणि हे इतकी वर्षं त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

ग्राउंडिंग हा शब्द आमच्या घरात अकोल्याच्या एका समुपदेशक बाईंकडून आला. त्यांनी दादाला समजावून सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे अर्थिंगच ना ते." बाई हसल्या, पण दादा गंभीर होता. मोटारीचं काम तो लहानपणापासून करतोय. स्टार्टरच्या पेटीला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर अर्थिंग गेलं हे त्याला कळतं. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून नळी पुरलेली असते, उन्हाळ्यात तिथली माती वाळली की अर्थिंग काम करत नाही, म्हणून बादलीभर पाणी ओतत राहावं लागतं. तेव्हापासून घरात तोच शब्द. "अर्थिंग कर", "माह्यं अर्थिंग गेलं." माझ्या पुण्यातल्या मैत्रिणीला हा विनोद वाटतो. मला वाटतं कुठल्याही पुस्तकापेक्षा हे बरोबर आहे, विशेषतः ते पाणी ओतत राहण्याचं. भीती चढल्यावर नवीन काही शिकवता येत नाही. चांगल्या दिवशी सराव करून ठेवला असेल तरच वाईट दिवशी हात आपोआप तिकडे जातात.

आता माझा एक मतभेद. सगळीकडे एक प्रसिद्ध प्रकार सांगितला जातो. दिसणाऱ्या पाच गोष्टी सांगा, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन, चवीची एक. काळजीने जीव घाबरा होणाऱ्यांना याचा खूप उपयोग होतो, मला स्वतःला होतो. ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मी केलेलं आहे. पण संशय ज्याचा आजार आहे त्याला "आजूबाजूला बघ आणि पाच गोष्टी सांग" म्हणणं म्हणजे त्याला जे नको तेच करायला लावणं. दादाने पहिल्यांदा केलं तेव्हा सांगितलेल्या पाच गोष्टी अशा होत्या: बंद खिडकी, शेजारच्यांची उघडी खिडकी, विजेच्या खांबावरची नवीन वायर, ताईचा उलटा ठेवलेला मोबाईल, आणि दारातल्या चपला. "चपला सहा आहेत, माणसं पाच." ऐकू येणाऱ्या तीन गोष्टींपर्यंत तर आम्ही पोचलोच नाही. बघणं आणि ऐकणं या त्याच्या आधीच जास्त ताणलेल्या तारा आहेत. वासाचं आणि चवीचं, विषाच्या भीतीमुळे, आणखी अवघड. उरला स्पर्श. स्पर्श त्याला अजून कधी खोटं बोललेला नाही. (प्रत्येकाचं असंच असेल असं नाही. काहींना अंगावरसुद्धा भास होतात. म्हणून त्या माणसालाच विचारायचं.)

तसंच डोळे मिटून बसणं. "ध्यान करू दे त्याला, सगळं जाईल," हे आम्हाला निदान वीस जणांनी सांगितलं, त्यातल्या दोघांनी दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराचा फॉर्मही आणून दिला. डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलं. डोळे मिटले की दादा आणखी आत जातो, आणि त्याला तर बाहेर आणायचं असतं. अशा दीर्घ मौन-ध्यानाने काही जणांचा आजार उसळतो, हे आता बऱ्यापैकी माहीत झालेलं आहे. ध्यानाला मी नावं ठेवत नाही. पण कोणाला काय द्यायचं याला काही धरबंध?

मग काय चालतं? सांगते, पण यात चमत्कार काही नाही. अनवाणी पाय फरशीवर, पहाटे असेल तर अंगणातल्या मातीत (एप्रिल-मे महिन्यात दुपारी हे करू नये, वाशिमचं ऊन कुणाला सांगायला नको). माठातलं पाणी तांब्यात घेऊन तांब्या दोन्ही हातांनी धरून बसणं. दगडी पाट्याची खरबरीत कड अंगठ्याने चाचपणं. आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं म्हणजे हाताचं बारीक काम. थंडीत तुरीच्या शेंगा सोलणं, एरवी लसूण, भुईमुगाच्या शेंगा, डाळ निवडणं. दादा टोपलंभर सोले एका बैठकीत काढतो. आधी वाटायचं की आई त्याला गुंतवून ठेवायला काम देते. पण त्यात एक गंमत आहे. शेंग फोडायला नजर खाली लागते, बोटांना दाब लागतो, प्रत्येक शेंग संपते आणि दुसरी सुरू होते. आणि शेवटी समोर ढीग दिसतो, जो खरा आहे यावर कोणाचा वाद नाही. संध्याकाळी त्या सोल्यांची आमटी होते, आणि ते जेवण तो निर्धास्त खातो, कारण त्यात काय आहे हे त्याला स्वतःला माहीत असतं.

आवाज येतात तेव्हा तो गुणगुणतो. भजनाची चाल, शब्द नाहीत. रेडिओ लावून बघितला होता, पण वाईट दिवशी रेडिओवरचा माणूस त्याच्याशीच बोलायला लागतो. स्वतःच्या गळ्यातला आवाज मात्र स्वतःचाच असतो. आणि एक, वार आणि बाजार. आज वार कोणता, आज बाजार कोणत्या गावचा. तारीख विचारली की त्याला परीक्षा घेतल्यासारखं वाटतं, बाजार विचारला की नाही वाटत.

त्याच्या शेजारी आपण कसं असायचं, हाही या सगळ्याचा भाग आहे, आणि नातेवाइकांनो, तुमच्यासाठी तोच मोठा भाग. त्याच्या मागे उभं राहू नका. दारात उभं राहू नका, बाहेर जायची वाट त्याला मोकळी दिसली पाहिजे. समोर बसण्यापेक्षा बाजूला बसा. विचारल्याशिवाय खांद्यावर हात ठेवू नका, माया म्हणूनसुद्धा. तो म्हणाला तिकडून कोणी बघतंय, तर "कोणी नाही" म्हणू नका आणि "हो रे, मलाही वाटतं" असंही म्हणू नका. "मला दिसत नाही. पण तुला भीती वाटतेय ते दिसतंय. मी इथेच बसते." बस. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ झेवियर अमाडोर यांच्या भावाला हाच आजार होता. आजारी माणसाला आपण आजारी आहोत हे कळत नाही तेव्हा घरच्यांनी कसं बोलावं, यावर त्यांनी २००० साली एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचा सगळा भर ऐकून घेण्यावर आहे, पटवण्यावर नाही. मी ते वाचलं तेव्हा मला फटफटीवाला आठवून लाज वाटली. शिकलेल्या माणसाला पटवण्याची फार खाज असते.

पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचं काम १९९७ पासून आहे. डॉ. जगन्नाथ वाणी यांनी ती संस्था काढली, त्यांच्या पत्नीला हा आजार होता. २००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' आला, त्यामागेही वाणीच होते. अतुल कुलकर्णींनी केलेला तो शेष आणि सोनाली कुलकर्णींनी केलेली त्याची बहीण, मी तो सिनेमा दादाचा आजार सुरू व्हायच्या आधी पाहिला होता आणि चांगला आहे म्हणून विसरून गेले होते. नंतर पुन्हा पाहिला तेव्हा पूर्ण बघवला नाही. स्वमदत गटांत आजारी माणसाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. मला आधी हे शब्द जरा गोड वाटले होते. आता वाटतं की 'येडा' आणि 'येड्याची बहीण' यापेक्षा कितीतरी बरे. वाशिमला असा एखादा गट व्हावा असं फार वाटतं. पुण्यातल्या सभेला जाऊन आले की दर वेळी मनात येतं, हे ऐकायला आई हवी होती, आणि आई तर गावात आहे.

झोपेबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण माझ्या मते संशयावरचा सगळ्यात दुर्लक्षित उपाय तोच. दादाचं २००७ पासूनचं प्रत्येक मोठं बिघडणं रब्बीत झालेलं आहे. हे आम्हाला कळायला सहा वर्षं लागली. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं आणि थ्री फेजची लाइट रात्रीची. बाबा गेल्यावर रात्री वावरात एकटा दादाच असायचा. अंधार, थंडी, बॅटरीच्या उजेडात हलणारी सावली आणि आठवडा-आठवडा मोडलेली झोप. चांगल्या माणसालाही तिथे पावलं ऐकू येतील. ऑक्सफर्डचे डॅनियल फ्रीमन यांनी ३७५५ विद्यार्थ्यांवर अभ्यास केला, २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. निद्रानाशावर उपचार केल्यावर झोप तर सुधारलीच, पण संशय आणि भासही कमी झाले. त्यांचाच त्याआधीचा, २०१५ चा अभ्यास छळाच्या संशयाने ग्रासलेल्या दीडशे रुग्णांवरचा आहे. तिथे संशय खरा की खोटा यावर वाद न घालता फक्त मनात घोळत राहणारी काळजी कमी करायला शिकवलं, आणि संशयाचा जोरही उतरला. हे दोन्ही वाचून मी आईला फोन केला. आई म्हणाली, "हे सांगायले विलायतेले जा लागते का? झोपलं नाही तर ढोरही मारते." असो. रात्रीचं ओलीत आता बटईने दिलेलं आहे. पैसे कमी मिळतात. तीन रब्बी दादाला दवाखान्यात न्यावं लागलेलं नाही.

पण अर्थिंगने सगळं भागतं असं समजून कोणी गोळ्या बंद करू नका. हे मी हात जोडून सांगते, कारण असे प्रश्न मला येतात. सोले काढून आजार जात नाही. आमच्याकडे वहीच्या शेवटच्या पानावर दादाच्याच अक्षरात लिहिलेलं आहे की कधी अर्थिंग पुरे नाही: सलग दोन रात्री झोप नाही, घरचं जेवण बंद, कोणावर तरी हात उगारावासा वाटणं, मरायचे विचार. यातलं काहीही झालं तर डॉक्टर. हे त्याने तो बरा असताना लिहिलं, म्हणून तो वाईट असताना ऐकतो. आमचं पान घरगुती आहे. पण माझ्यावर उपचार कसे करावेत आणि कसे करू नयेत हे आधीच लिहून ठेवायचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येक सज्ञान माणसाला दिलेला आहे, तो तुम्हालाही आहे आणि मलाही. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, २०२२ पासून, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. शेतकऱ्यांसाठी २०१५ साली सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पाच्या १४ जिल्ह्यांत वाशिम होतं, त्या निमित्ताने आशाताई घरोघर विचारत आल्या होत्या. आमच्या घरी आई त्यांना "सगळे ठीक हाय" म्हणाली होती. पंधरा-वीस माणसं कुठे गेली, त्यातली एक अशी.

तर लग्न. सगळ्यांना मिळून माझं सांगणं एवढंच, की त्याच्यासमोर कुजबुजू नका. जे बोलायचं ते एक तर मोठ्याने बोला नाही तर बोलूच नका. तो आल्यावर विषय बदलू नका. "ओळखलं का मला?" असं विचारू नका, त्याची स्मरणशक्ती तुमच्याहून चांगली आहे. "आता कसं वाटतं?" नको, "पाऊस कसा होता यंदा?" चालेल. ड्रोनवाल्याला मी सांगणार आहे की मांडवावर फिरव, स्वयंपाकाकडे नको. नवऱ्या मुलाकडच्यांना ताईने सुपारीच्या आधीच सगळं सांगितलेलं आहे. ते म्हणाले आमच्याही एका काकांचं असंच आहे, आणि मग अर्धा तास त्या काकांबद्दलच बोलत बसले. अजून एक घर सापडलं.

दादाला मी विचारलं, तुला जमेल ना रे, लोक खूप असणार. त्याने सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. "लय लोक असतीन. डीजे असन. मी आचाऱ्याजवळ बसतो, लसूण सोलतो. अक्षता टाकाले येतो अन् परत जातो." मग थोडं थांबून म्हणाला, "किती किलो लसूण लागन, ते इचारून ठेव."

विचारलं. सहाशे पानांना आठ किलो म्हणाले आचारी. दादा म्हणतो दोन दिवस आधी यावं लागेल.